नकाशाच्या वर्गाची वाट

मावशीचा सिलॅबस दोनदा परत आला होता आणि आज शेवटची संधी होती. विभागप्रमुख बाई घरी जायच्या आत त्यांची सही मिळाली, तर 'हाताने नकाशे काढणे' हा विषय यंदा कॉलेजात शिकवला जाणार. नाही तर बसा हात चोळत पुढच्या वर्षापर्यंत. या विषयासाठी मावशीने किती वर्षं बाईंचं डोकं खाल्लं होतं! आणि बाई कसल्या? सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणायचं.

शाळा सुटल्यावर भाची, म्हणजे आपली भिंगरी, मावशीच्या कॉलेजातल्या खोलीत शिरली तेव्हा मावशी कपाळाला हात लावून बसली होती. समोर तीन पानं आणि वर लाल शाईत एकच शेरा: 'अपुरा.'

"नुसतं अपुरा! काय अपुरं ते सांगायला जीभ झिजते का?" मावशी फणफणली. "उद्दिष्टं आहेत, पुस्तकांची नावं आहेत, सगळं आहे की!"

एरवी मोठ्यांच्या कामात नाक खुपसलं की भिंगरीला "तू गप गं" ऐकावं लागे. पण नुकतंच तिने शाळेच्या वादविवादात बक्षीस मारलं होतं आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागतच नव्हते.

"आण इकडे. समज, मी तुझी नवी विद्यार्थिनी. मला फक्त हा कागद माहीत. आता मी पहिल्या तासाला पोचून दाखवते."

"अगं पण, ऐक तरी..."

"अनोळखी बाईंशी मी बोलत नाही," म्हणत ती बाहेर पडलीसुद्धा.

कागदावर होतं, 'तास: सोमवार व गुरुवार, सकाळी दहा.' पण कुठे? भिंगरीने पानं उलटी केली, सुलटी केली, आणि निघाली नाकासमोर. जिना चढली. एका दारात डोकावली, तर आत बरण्या आणि उग्र वास. दुसऱ्या दारामागे नुसते झाडू. शेवटी तिथूनच तिने हाळी दिली, "मावशीऽऽ! मी हरवले! तेही नकाशाच्या वर्गाला येताना!"

खालून असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीतले गणिताचे सर दार उघडून बघायला आले. मावशी डोळे पुसत जिन्यात उभी होती. "जन्मभर लोकांना वाटा दाखवल्या आणि स्वतःच्याच वर्गाची खोली लिहायची राहिली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मग काय, भिंगरी सुटलीच. कधी आळशी विद्यार्थी व्हायची, कधी रडवी, कधी भांडकुदळ.

"'योग्य साहित्य आणावे.' योग्य म्हणजे? मी छत्री आणू?"

"जाड कागद, पेन्सिल, पट्टी. रंग वर्गात मिळतील."

"आणि आजारी पडले तर?"

"आठवड्याच्या आत राहिलेलं काम दाखवायचं."

"वहीला चाळीस, चाचणीला चाळीस, शेवटच्या नकाशाला तीस. मावशी, शंभरात एकशेदहा! माझी आई पेढे वाटेल."

"वहीचे तीस कर, माझे आई!"

"आणि हे 'अवकाशीय जाणिवेचे संवर्धन' काय प्रकरण आहे?"

मावशी उठूनच उभी राहिली. "अगं, पहिल्या दिवशी घरापासून इथवरचा रस्ता आठवून काढायचा. सगळ्यांचा चुकतो! कुणी पूल विसरतं, कुणी अख्खा दवाखाना. मग तोच रस्ता चालत बघायचा. आणि शेवटी आपल्या गल्लीचा असा नकाशा काढायचा, की परक्या माणसाने कुणाला न विचारता आपलं दार गाठलं पाहिजे!"

भिंगरी ते जसंच्या तसं टाइप करत होती.

कात्रीबाई पर्स खांद्याला अडकवून दाराला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात दोघी धापा टाकत पोचल्या. बाईंनी उभ्याउभ्याच पानं वाचली.

"'उशीर झाल्यास गुपचूप मागे बसावे. कारण नंतर सांगावे, रंगवून सांगितले तरी चालेल.' ही ओळ तुमची नाही."

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाचीने छताकडे.

"मघाशी वर हरवलेली मुलगी हीच ना?" बाई म्हणाल्या. "इथवर ऐकू आलं."

"हो. पण बाई," भिंगरीला राहवेना, "तुमचा शेरासुद्धा अपुराच होता."

मावशीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कात्रीबाई चक्क हसत होत्या. त्यांनी कागद भिंतीला टेकवला, सही ठोकली आणि खाली या खेपेला पूर्ण वाक्य लिहिलं: 'हा कागद हातात असेल तर कुणीही वर्गात पोचेल.'