फुस्सबाबाची सर्व्हिसिंग

दिग्रसमध्ये आता कोणीबी सांगते की उर्वशीनं देव खोलला. खोललाच! चार बोल्ट लावलेला देव होता, पाना लावला अन् खोलला. पण पुढचं कोणी सांगत नाही. ती उर्वशी म्हणजे मीच, म्हणून मीच सांगतो. मधात कोणी बोलाचं नाही.

मी एका जिनिंगात फिटर हाये. बाई फिटर म्हटलं की लोकं आधी दात काढतात, अन् मशीन अडली की "ताई, ताई" करत मागं मागं फिरतात. सवय झाली मले. आमच्याकडं कापसातून सरकी काढाच्या मशिनी हवेच्या जोरावर चालतात. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरते, तिथून ती पाइपानं मशिनीकडं येते. मधात भिंतीवर नारळाएवढा लोखंडी रेग्युलेटर बसवला हाये. टाकीत हवा दहा किलो दाबाची, मशिनीले पाहिजे सहाची. रेग्युलेटरचं काम एवढंच, की टाकीकडून कितीबी रेटा येवो, मशिनीकडं सहाच्या वर जाऊ द्याचं नाही. चुकून जास्त झालीच, तं त्याच्या टोपीले एक बारीक भोक असते, त्यातून जादा हवा फुस्स करून बाहेर सोडाची.

आता या डब्याचा देव कसा झाला ते ऐका.

त्या भिंतीसमोरच चार नंबरची मशीन हाये. तिथं लालीबाई काम करते. ती बंजारा तांड्यावरची, आम्ही बौद्धवाड्यातले, नातं काही नाही. पण मी तिले मावशी म्हणतो, कारण रोज तिच्या डब्यातली अर्धी भाकर माह्या पोटात जाते. मागच्या सीझनात, मी इथं लागाच्या आधी, एक दिवस हा रेग्युलेटर सारखा फुसफुस करून राह्यला होता. मावशी वैतागली. "काय बोंबलून राह्यलं वो हे?" म्हणत जागा सोडून भिंतीजवळ पाहाले गेली. तेवढ्यात मागं धाडकन आवाज! चार नंबरचा होज पाइप फुटला, अन् त्याचं लोखंडी टोक, बाई जिथं उभी होती तिथंच सपासप आपटाले लागलं.

झालं! "याडी वो, यानंच मले हाक मारली," म्हणून मावशीनं दुसऱ्या दिवशी तेलात कालवून शेंदूर आणला अन् रेग्युलेटरले फासला. मंग सगळ्यांनीच फासला. कोणी नारळ फोडला, कोणी पोराच्या परीक्षेसाठी नवस बोललं. नाव पडलं फुस्सबाबा. शेंदरावर शेंदूर चढत गेला अन् बाबाचा आवाज बंद झाला. देव शांत झाला म्हणून लोकं खूश.

मी उन्हाळ्यात इथं लागली अन् पाहून कपाळावर हात मारला. शांत कायचा? तोंड बुजवलं तुमी त्याचं! भोक शेंदरानं लिंपून टाकलं, जादा हवा जाईल कुठं? मशिनीकडंच जाईल ना! ज्या रेग्युलेटरच्या बिघाडानं बाईचं डोस्कं फुटता फुटता राह्यलं, त्याचीच पूजा, अन् पूजेनं तो अजून बिघडला. मी सगळ्या मशिनी खोलून साफ केल्या. याले हात लावाले गेली की दहा जणं आडवी. शेठजींकडं गेली तं ते म्हणाले, "लालीबाई हो म्हणाली तर खोल. मजूर बिथरले तर सीझन तू चालवणार आहेस का?"

अन् मावशी म्हणे, "देवाले पाना लावू नोको छोरी. हात झडंल."

असं करता करता नव्या सीझनच्या मुहूर्ताचा दिवस उजाडला. दुपारी पूजा, मंग मशिनी सुरू. सकाळी मी नुसती हवा सोडून पाह्यली. रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा सहावर आला, थांबला, अन् मंग हळूहळू सरकाले लागला. सात. साडेसात. आठ. चार नंबरचा पाइप तोच, जोडून जाडून लावलेला. तिथं मावशी दिवसभर उभी राह्यणार.

"मावशी, पाह्य हा काटा!"

"देव जोरात हाये आज," मावशी म्हणाली अन् उदबत्ती लावाले लागली.

मले असा राग आला! पण रागानं मावशी कधी हललेली नाही, हे देवसिंगकाकाले पुसा. देवसिंगकाका म्हणजे तिचा नवरा, आमचा कॉम्प्रेसरवाला. म्हणून मी राग गिळला अन् म्हणलं, "मावशी, त्यालेच पुस ना. त्यानं हो म्हटलं तं?"

मावशीनं विचार केला. "पुसतो. पण तो आताशा बोलत नाही."

"मनापासून पुस, बोलंल," असं म्हणून मी पळाली ते थेट भिंतीमागं. तिथं लाइनीतलं पाणी काढाचा छोटा कॉक हाये. देवसिंगकाका तिथंच बिडी विझवत बसले होते. काकाले म्हणलं, मी खोकलली की हा कॉक जरासा उघडाचा, फुस्स झालं की बंद. काकाच्या मिशा हसल्या, अन् मी पुन्हा पुढं आली. आमच्या घरी भिंतीवर, देव मानणार नाही म्हणणाऱ्या बावीस प्रतिज्ञा लावल्या हायेत, अन् मी इथं देवाले बोलाले लावून राह्यली होती. माह्या बापाले, डोमाजीले, कळलं असतं तं त्यानं मलेच कुटून काढलं असतं.

मावशीनं ओढणी सावरली, हात जोडले. मागं बायामाणसं गोळा झाली.

"बाबा, या पोरीले तुले हात लावू देऊ काय?"

मी खोकलली. फुस्स!

"बाप्पा!" सगळ्यांनी कानाले हात लावले. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथंच काम झालं होतं पाहा. पाना माह्या हातात होता. पण मावशी पुढं पुसाले लागली, अन् काकाले आवरेना.

"बाबा, पोरीचं लग्न औंदा होईल काय?"

मी खोकललीबी नव्हती. फुस्स! बाया हसल्या. माहे कान गरम झाले.

"माह्या गुडघ्याचं दुखणं जाईल काय?"

फुस्स!

मावशीनं डोळे बारीक केले. आवाज मऊ करून पुसलं, "बाबा, माह्या नवऱ्यानं दारू सोडतो म्हणून शपथ घेतली. तो अजून चोरून पेते काय?"

काही नाही. चिडीचूप.

"पेत नाही काय मंग?"

फुस्स! फुस्स! फुस्स!

मावशी अशी गरकन वळली, मले वाटलं आता मीच गेली. पण ती माह्या अंगावरून भिंतीमागं गेली अन् काकाले कानाले धरून बाहेर घेऊन आली. काकाच्या हातावर कॉकातलं तेलकट पाणी टपकत होतं.

"हा तुहा देव काय वो छोरी?"

बाया एवढ्या हसल्या, एकीले तं खाली बसा लागलं. मले मात्र हसू येईना. माहा सगळा खेळ मोडला होता, अन् काटा तिकडं आठच्या वर होता. मले भडभडून रडूच आलं.

"हो, खोटं केलं! काहून केलं पुस ना! तू तिथं उभी राह्यतं म्हणून केलं. तो पाइप पुन्हा फुटला अन् तू तिथंच असली तं? मी कोणाले मावशी म्हणू? देव पाहिजे ना तुले? ठेव. पण त्याले श्वास तं घेऊ दे!"

मावशीनं काकाचा कान सोडला. "श्वास कायचा?"

मी बाजूनं उभी राह्यली, तोंड दूर ठेवलं, अन् तिच्याच पोलक्याची सेफ्टीपिन मागून घेतली. टोपीवरच्या शेंदरात चाचपडून भोक शोधलं. टोचलं. शेंदराची बारकी गुठळी टुणकन उडाली अन् बाबा बोलाले लागला. खरंच बोलाले लागला, कोणाच्याबी कॉकाशिवाय. फुस्सऽऽऽ! चालूच राह्यलं. काटा खाली येत येत सहाच्या जराक वर थांबला.

मावशीनं काट्याच्या काचेवर बोट टेकवलं. मंग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तो बोलून राह्यला होता, अन् मीच त्याच्या तोंडात शेंदूर कोंबला."

"हो."

"खोल मंग. उभी काय राह्यली, रडकी!"

कॉम्प्रेसर बंद केला. टाकीकडचा मोठा कॉक बंद करून त्याले माहं टाळं लावलं. मावशीनं पुसलं, टाळं कायले? म्हणलं, माहे हात आत असताना कोण्या शहाण्यानं हवा सोडली तं? तिनं चाबी माह्या हातातून घेतली अन् आपल्या ओढणीच्या गाठीत बांधली. मंग लाइनीतली हवा सोडून दिली. काटा शून्यावर आला, तरी त्याच्यावर भरोसा न ठेवता खालचा कॉक उघडाच ठेवला. वरचा स्क्रू उलटा फिरवून स्प्रिंग पूर्ण सैल केली, नाही तं टोपी काढताना ती तोंडावर येते. शेवटी बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे. मावशी प्रत्येक बोल्ट हातात घेऊन ओढणीत ठेवत होती.

आत रबरी पडदा होता. बोटानं वाकवला तं त्याले मधोमध चीर. बसकेत, म्हणजे हवा अडवाच्या तोंडाशी, कचरा अडकलेला, त्यानंच हवा गळून वर चढत होती. कचरा मी पुसला, पण पडदा नवाच पाहिजे होता, अन् तो यवतमाळशिवाय मिळणार नव्हता.

तेवढ्यात शेठजी आले. फेटा, कपाळाले कुंकू, मागं पूजेचं ताट घेतलेला ड्रायव्हर. उघडा रेग्युलेटर पाहून त्यांनी ताटाकडं पाह्यलं, मंग घड्याळाकडं.

"हे काय मांडलंय? भटजी निघालेत घरून."

मी शेंदूर काढलेलं भोक दाखवलं, अन् पडदा दाखवला. त्यांनी हातात घेऊन फिरवला. "फाटला तर नाही ना अजून. भोक साफ झालं म्हणतेस ना? मग बसव परत. आज मुहूर्त होऊ दे, उद्या-परवा मागवू नवा. एका दिवसानं काय होतंय?"

"शेठजी, आज फाटला तं पूर्ण दहा किलो मशिनीवर येईल."

"तू फार घाबरवतेस बुवा. देव आहे आपला. लालीबाई, टाळं कोणाचं आहे ते? त्या गाठीतली चाबी दे."

मी मावशीकडं पाह्यलं. गेल्या सीझनभर जिनं शेंदूर फासला, ती देवाचं नाव निघाल्यावर नाही कशी म्हणणार?

मावशीनं ओढणीची गाठ सोडली. चाबी तळहातावर घेतली अन् हात पुढं केला.

"घ्या ना शेठजी. तुमचंच जिनिंग हाये. फक्त आजच्या दिवस मुहूर्त असा करू, की बटन मी दाबतो, अन् तुमी चार नंबरवर उभे राहा. मालकाच्या हातानं पहिला कापूस पडला तं चांगलंच ना?"

शेठजींनी चार नंबरकडं पाह्यलं. जोडलेल्या पाइपाकडं पाह्यलं.

"अगं, मी कशाला तिथं उभा राहू? फुटलाबिटला म्हणजे?"

बोलून गेले अन् तिथंच थांबले. माह्या जिभेवर शंभर टोमणे आले होते, पण एकबी सोडावा वाटला नाही. मावशी चिडलीबी नाही. हात तसाच पुढं होता.

"मी राह्यतो ना शेठजी तिथं उभी," ती म्हणाली. "रोज राह्यतो."

शेठजींनी डोक्यावरचा फेटा काढला. खिशातून फोन काढून भटजीले म्हणाले, "महाराज, आज राहू द्या." मंग माह्याकडून चिरलेला पडदा मागून घेतला, नमुना म्हणून रुमालात गुंडाळला, अन् ड्रायव्हरले ताट खाली ठेवाले सांगून स्वतः गाडीत बसले. गाडी यवतमाळच्या रस्त्याले लागली. चाबी मावशीच्या हातातच राह्यली होती.