चमच्याची टकटक

भिंतीवर टकटक झाली, तेव्हा कुठे ऑड्रीने रोखलेला श्वास सोडला. पलीकडे बाबांनी किटली चढवली होती आणि चहाचा चमचा स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला होता. तिनेही चमच्याने उत्तर दिलं.

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या त्या चढावर घरं जोडीजोडीने उभी होती. एका जोडीतल्या अर्ध्यात वडील, अर्ध्यात लेक. आई गेल्यापासून हा सकाळचा रिवाज चुकला नव्हता, आणि टकटक येईपर्यंत ऑड्रीच्या घशाखाली घास उतरत नसे. लायब्ररीतल्या नोकरीत मरणावरची पुस्तकं तिने पुष्कळ वाचली होती. भिंतीशी कान लावून उभं राहिलं की त्यातलं एकही वाक्य कामाला येत नसे.

घरात ऊब टिकावी म्हणून बाहेरच्या भिंतींच्या विटांच्या दोन पदरांमधली पोकळी भरून घ्यायचं तिनेच ठरवलं होतं. बाबांची छाती तपासून डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "त्या गारठलेल्या घरात हा हिवाळा निघणं कठीण आहे." हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं.

"इतकी वर्षं भिंत पोकळ होती, कुणाचं पोट दुखलं नाही," कोट-टोपी घालून अंगणात बसलेले बाबा कुरकुरले. "आता तिची गादी करताय."

"गादीच म्हणा, आजोबा," ट्रेव्हर कारागीर म्हणाला. विटांच्या सांध्यात भोक पाडून त्याने नळी आत सरकवली. यंत्र घरघरलं आणि पांढरा कापसासारखा लोकर-भुसा भिंतीत जाऊ लागला.

बाबांना खोकल्याची उबळ आली. ऑड्री धावत दारात आली.

"अगं, खोकतोय मी. मरत नाहीये."

"मी धुणं वाळत घालायला आले."

"मग धुणं कुठाय?"

बाबा ट्रेव्हरकडे वळले. "लहानपणी अंधाराला घाबरायची. मी शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोकलं की झोपायची. अजून तेच चाललंय. ती टकटक काय मी माझ्यासाठी करतो?"

"मी नाही भीत. तुमचं मन राखायला उत्तर देते."

"हो तर."

"ताई, दोन घरांमधली भिंतही पोकळच आहे," ट्रेव्हर म्हणाला. "माळ्यावरून तीही भरतो. नाहीतर सगळी ऊब तिच्यातून छपराला जाते."

ऑड्रीने होकाराची मान हलवली. चमच्याची आठवण तेव्हा कुणालाच झाली नाही.

संध्याकाळी बाबा कुंपणापाशी आले. "बहिरी झालीस का? ठोकून ठोकून चमचा वाकला."

तिने घरात जाऊन भिंतीला कान लावला. बाबांनी आत जाऊन पुन्हा ठोकलं. तिला काहीच ऐकू आलं नाही. दोघं पुन्हा कुंपणापाशी आले. "उद्यापासून फोन करा, बाबा."

"फोनला पैसे पडतात. मी उठल्या उठल्या पुढच्या खिडकीचा पडदा उघडीन, तो बघ." मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "बाकी आतून हात लावला, तर भिंत गार लागत नाही हं."

सकाळी ऑड्री सवयीने श्वास रोखून उभी राहिली. मग तिला आठवलं, भिंत भरलीय. ती स्वतःशीच हसली. कितीतरी दिवसांनी तिने टोस्ट गरम असताना खाल्ला.

बसला निघताना तिने पाहिलं. पडदा बंद होता. ऊब लागली, झोपले असतील, असं म्हणून ती फाटकापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. बाबांच्या दाराची किल्ली कुलपात लवकर बसेना.

घर उबदार होतं. बाबा कुशीवर निजलेले होते, पांघरूण कमरेपर्यंत ढकललेलं. झोपेतच गेले, पहाटेच्या आधी, असं डॉक्टर म्हणाले.

दफनानंतर नातलग हॅम सँडविच खाऊन, चहा पिऊन पांगले. बाबांच्या स्वयंपाकघरात ऑड्रीने कपबशा धुतल्या. वाकलेला चमचा ओट्यावरच होता. तिने किटली चढवली आणि आपल्या घराच्या बाजूच्या भिंतीवर चमचा ठोकला. आवाज तिथल्या तिथे विरला.

कपाळ भिंतीला टेकवून ती हळूच, पण मोठ्याने म्हणाली, "मी भीत होते, बाबा. रोज सकाळी. अजून भीतेय."