तीन केबिनांचा क्लब

वैजनाथशेठनं जळगाव जामोदच्या आपल्या कापसाच्या जिनिंगच्या वरच्या मजल्यावर काचेच्या तीन केबिन करून घेतल्या, तेव्हाच डिंपलनं ओळखायला हवं होतं. 'सातपुडा वाघिणी' हा त्यांचा पोरींचा फुटबॉल क्लब. मैदानात गवत नव्हतं, पण साहेब भरपूर. पहिल्या केबिनमध्ये पुतण्या चिन्मय, पुण्याहून कसलासा कोर्स करून आलेला, तो स्पोर्टिंग डायरेक्टर. दुसरीत जावई ज्ञानेश्वर, सीईओ. तिसरीत कोच तुळशीराम सर. केबिनचं काय करायचं ते न कळून त्यांनी तिथं बॉल भरून ठेवले होते.

डिंपल वडनेर भोलजीची, क्लबची गोलकीपर. मे महिन्यात तिचा करार संपत होता. पुढच्या वर्षाचं काय, एवढंच तिला विचारायचं होतं.

"मी फक्त खेळाडू निवडतो गं," चिन्मय खुर्चीत गिरकी घेत म्हणाला. "करार ज्ञानेश्वरजी बघतात."

"अटी मी पाह्यतो," ज्ञानेश्वर म्हणाले. "पण तू टीमले पाह्यजे का नाही, हे कोचनं सांगाव लागते."

"मले तं तू पाह्यजेच बेटा," तुळशीराम सर मान खाली घालून म्हणाले. "पण वरून विचारा लागते." वरून म्हणजे चिन्मयकडून.

असे तीन फेरे झाले. इतकी सफाईदार पासिंग मैदानावर पोरींना कधी जमली नव्हती. डिंपलनं विचारणं सोडलं. नागपूरच्या एका क्लबानं चाचणीला बोलावलं, ती गेली, आणि इथला करार संपताच तिनं तिकडे सही केली.

पेपरात बातमी आली. 'हा हिरा मीच हेरला,' चिन्मयनं सांगितलं होतं. 'आम्ही तिला घडवलं,' ज्ञानेश्वर. तिला न विचारता छापलेल्या फोटोत दोघं तिच्यापेक्षा मोठे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्यांना बोलावलं, सामान न्यायला आलेल्या डिंपललाही. "पोरगी फुकट काऊन गेली? हिचा करार कोणाकडं होता?"

चिन्मयनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं, ज्ञानेश्वरांनी तुळशीराम सरांकडे, सरांनी फरशीकडे.

"शेठजी," डिंपल म्हणाली, "माह्या कराराले इथं एकबी धनी नव्हता. पेपरात नाव छापाले मात्र दोन निंघाले."

शेठ मोठा तोडगा सुचल्यासारखे म्हणाले, "हाव, बरोबर हाय. करार पाहाले एक वेगळा माणूस ठेवा लागते. माह्या मेव्हण्याले बोलावतो." चिन्मय आणि ज्ञानेश्वरांनी एकदमच मान डोलावली.

डिंपलला हसूही आलं नाही. ती जिना उतरून सरळ बसस्टँडवर आली. मागून तुळशीराम सर धापा टाकत आले.

"मी बोललो असतो बेटा, पण माही नोकरी..."

बॉलवर झेप घ्यायला याच माणसानं तिला शिकवलं होतं. चिन्मय-ज्ञानेश्वरांची तिला कीव तरी करता येत होती, सरांची तीही करता येईना.

"माईत हाय सर," ती म्हणाली. "म्हणूनच जाऊन राह्यली मी."

नांदुऱ्याची गाडी लागली; तिथून पुढं नागपूरची रेल्वे. दर मॅचच्या आधी ती सरांच्या पाया पडायची. आज तिनं बॅग उचलली आणि त्यांच्या बाजूनं निघून गाडीत चढली.