मावशीची पाठ आणि चाळीस मिनिटं

पलंगावर एकूण सतरा वस्तू होत्या. सुती बंड्या सहा, लेगिंग दोन (एकीचं इलॅस्टिक गेलेलं), रोजच्या वापरातल्या ब्रा तीन, मावसोबांचे जुने टी-शर्ट दोन, लोकरीचा कमरपट्टा एक, सेफ्टी पिना दोन आणि डुकराच्या चरबीची बरणी एक.

"यातलं पळताना अंगावर काय काय असतं?" मी विचारलं.

"बरणी सोडून सगळ्यातलं थोडं थोडं," स्मिल्का मावशी म्हणाली. "आणि बरणीतलंही थोडं. मांड्या घासतात ना."

"आणि बंड्या? सहा?"

"एक अंगात, एक पिशवीत. बाकीच्या दोरीवर वाळत. इस्क्रा, एवढं शिकलीस आणि बंडी कळत नाही तुला?"

मावशी सत्तावन्न वर्षांची आहे आणि बेचेय गावच्या बालवाडीत स्वयंपाक करते. मी गावातल्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून तिच्याकडेच राहते. हिवाळ्यापासून ती तिसा नदीच्या बांधावर पळणाऱ्या बायकांच्या गटात जाऊ लागली होती. मे महिन्यात तो गट कोतोरला, समुद्रकाठच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीला जाणार होता. गाडीत जागा सोळा. पंधरा भरल्या होत्या. तिथला रस्ता चाळीस मिनिटांनी वाहनांना खुला करतात, म्हणून गटाच्या प्रमुख झागोर्काबाईंनी नियम केला होता: बांधावर चाळीस मिनिटांच्या आत पाच किलोमीटर पुरे करील तीच गाडीत बसेल. शेवटची चाचणी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी.

"एकवीस वर्षं मी समुद्रावर जातेय," मावशी म्हणाली. "दर वर्षी साठ पोरं आणि पातेली घेऊन. एकदा तरी मला तिथे असं जायचंय, की पाव दुसऱ्या कुणीतरी कापायचा."

तेव्हा पहिल्या रविवारी मी वही घेऊन सायकलवरून तिच्या मागे निघाले. एकूण वेळ त्रेचाळीस मिनिटं पाच सेकंद. त्यात लेगिंग वर ओढणं चौदा वेळा, खांद्यावरून घसरलेली पट्टी सावरणं नऊ वेळा, घराची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेणं मोजायचं मी सोडून दिलं. तिसऱ्या किलोमीटरला चरबीच्या वासाने एक तपकिरी कुत्रा मागे लागला. तो किलोमीटर बाकीच्यांपेक्षा बावीस सेकंदांनी लवकर झाला, पण हा प्रयोग आम्ही पुन्हा केला नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र परतीच्या खुणेपाशी झाला. अडीच किलोमीटरवर मावशी थांबली, पॉपलरच्या झाडांमागे गेली, घामेजलेली बंडी काढून पिशवीतली कोरडी घातली आणि मग परत पळू लागली. दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ओल्या पाठीला वाऱ्याचा झोत लागला की संपलं. तुझ्या आजीची मैत्रीण अशीच गेली."

"त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या."

"नाहीतर अजून असत्या."

बंडीचं नंतर पाहू असं ठरवून मी बाकीच्या कपड्यांकडे वळले. शनिवारी आम्ही दुकानात गेलो. विकणारी मुलगी लगेच पुढे आली. "गुलाबी दाखवू? ताईंना गुलाबी खुलेल."

"मी त्याच्या आत असणार, मला कुठे दिसणार?" मावशी म्हणाली. "तू उड्या मारायला जागा कुठे ते सांग."

कपडे बदलायच्या खोलीत तिने प्रत्येक टाइट्समध्ये दहा उठाबशा काढल्या. पाचपैकी तीन खाली घसरल्या, त्या बाद. उरलेल्या दोन मी उलट्या करून शिवण मनगटाच्या आतल्या बाजूला पन्नास वेळा घासली. एकीने लाल रेघ उठली, तीही बाद. जी उरली तिची कंबर बेंबीच्या नऊ सेंटिमीटर वर येत होती.

"किडन्या झाकल्या जातात?" मावशीने आरशात पाठ फिरवून पाहिलं. "जातात. मग पट्ट्याला सुट्टी."

खिसा मात्र तिला पटेना. "यात लिंबू मावणार नाही."

"लिंबू घेऊन पळणार आहेस?"

"बाईमाणसाच्या कपड्याला खिसा शिवतात तो पण दाखवण्यापुरता," ती म्हणाली, तरी किल्ली आत घालून तिने वीस उड्या मारल्या. किल्ली वाजली नाही.

स्पोर्ट्स ब्राची परीक्षा घरी झाली, कारण दुकानातली मुलगी आता आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत होती. दोन आणल्या होत्या, एक परत करायच्या बोलीवर. कसोटी सोपी ठेवली: मावशी उडी मारून खाली आली की बाकीचं सगळं तिच्याबरोबरच खाली यायला हवं, मागाहून नाही. स्वयंपाकघरात चाळीस उड्या झाल्या तेव्हा खालच्या मजल्यावरच्या ल्युबिशाकाकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

"स्मिल्का! भिंत पाडतेस का?"

"कपडे घेतेय!" मावशी खिडकीतून ओरडली.

मग खालून अगदी हळू, "कसले?"

पाठीवर पट्ट्यांची फुली असलेली ब्रा जिंकली. श्वास घेताना छातीखाली दोन बोटं जात होती, पट्ट्या घसरत नव्हत्या, आणि काही मागाहून येत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी वेळ आली एक्केचाळीस मिनिटं वीस सेकंद. सावरणं, ओढणं, किल्ली, सगळं शून्य. चरबी नाही, कुत्रा नाही. पण पॉपलरमागे पुन्हा दोन मिनिटं पन्नास सेकंद.

"बंडी नको," मी म्हणाले. "दुकानातून आणलेला हा पातळ टी-शर्ट नुसता घाल. घाम धरून ठेवत नाही."

"प्लास्टिक आहे ते."

मी प्रयोग केला. सुती बंडी आणि नवा टी-शर्ट, दोन्हींवर पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी ओतलं, बाल्कनीत टांगले आणि दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. टी-शर्ट पंचावन्न मिनिटांत कोरडा झाला. बंडीला तीन तास दहा मिनिटं लागली. आलेख काढून मी मावशीच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

तिने तो नीट वाचला. "पंचावन्न मिनिटं?"

"हो!"

"आणि मला चाळिसात घरी यायचंय. मग दोन्ही ओलेच की."

मी आलेख उचलला.

बुधवारी मी तिला डबा द्यायला बालवाडीत गेले. मुलं अंगणातून खेळून आत येत होती, आणि सेविका एकेकाच्या मानेतून हात घालून बंडीच्या आत पाठीला लावलेलं, घाम टिपायचं सुती फडकं सर्रकन ओढून काढत होती. बंडी कोरडीच राही. मलाही लहानपणी मावशीने असंच वाळवून काढलं होतं.

"मावशी," मी विचारलं, "बंडी बदलायला हवी, की नुसती पाठ कोरडी हवी?"

"पाठच तर सगळं आहे."

"मग पाठीला फडकं लाव. खुणेपाशी मी ओढून काढते. तू थांबायचंच नाही."

मावशीने डबा बाजूला ठेवला. "विद्यापीठात शेवटी काहीतरी शिकवलं म्हणायचं."

त्या संध्याकाळी आम्ही तालीम केली. मावशी पॅसेजमध्ये पळत आली, मी मानेपाशी फडकं धरलं, ओढलं. चार सेकंद. पाच वेळा केलं, पाचही वेळा चार. नवी ब्रा धुवून दोरीवर टाकली होती, म्हणून तालमीला मावशीने जुनीच घातली होती. वहीत मी ही नोंद केली नाही.

चाचणीच्या रविवारी वारा बाजूने झोडपत होता. बांधावरचं गवत आडवं झोपलं होतं. झागोर्काबाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली. त्या पूर्वी शाळेत कवायत शिकवायच्या आणि अजून प्रत्येकीला विद्यार्थिनी समजतात.

"स्मिल्का, आज कपडे बदलायला झाडामागे गेलीस तर घड्याळ चालू राहील हं."

"झाड आज मोकळं आहे, बाई. तुम्ही जा हवं तर."

शिट्टी झाली. पहिले अडीच किलोमीटर वीस मिनिटं दहा सेकंदांत झाले. दहा सेकंद जास्त. खुणेपाशी मावशी वळली, मी सायकल तिच्या बरोबरीने नेत एका हाताने फडकं पकडलं आणि ओढलं.

ते आलं नाही. एक टोक बाहेर आलं, दुसरं पट्ट्यांच्या फुलीत अडकलं.

"ओढ ना!" मावशी पळता पळता म्हणाली.

"ओढतेय!"

"मला नको ओढूस, फडकं ओढ!"

मी सायकलवर, ती पुढे, मध्ये ताणलेलं फडकं. समोरून मासे पकडायला निघालेले एक आजोबा आले, त्यांनी टोपी काढून वाट दिली. पन्नासेक मीटर आम्ही असेच गेलो.

"थांब, मावशी! झाडामागे जा, मी सोडवते. दोन मिनिटांत होईल!"

हे माझ्या तोंडून गेलं. पॉपलर मागे पडत होते. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे, बांधाच्या टोकाला ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या झागोर्काबाईंकडे.

"सोड!" ती ओरडली.

"पण पाठ ओली आहे!"

"मरू दे पाठ!"

मी फडकं सोडलं. मावशीने कोपर आवळले, डोकं खाली घातलं आणि वाऱ्यात घुसली. फडकं मानेमागे फडफडत राहिलं. मला सायकलवर तिला गाठायला पायडलवर उभं राहावं लागलं. शेवटच्या वळणावर तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "कापा पाव. कापा मेल्यांनो पाव."

रेषा ओलांडून ती गवतावर बसली. झागोर्काबाईंनी घड्याळ आधी स्वतः दोनदा पाहिलं, मग आमच्यासमोर धरलं. एकोणचाळीस मिनिटं सेहेचाळीस सेकंद.

मी खिशातली टेप काढून मावशीच्या मानेमागून लोंबणारं फडकं मोजलं. एक्केचाळीस सेंटिमीटर. ही नोंद मात्र मी वहीत केली.