टॉवेलाखालची ॲडमिशन

आमच्या आप्पांना घेऊन कुठंही जाऊ नये. फिल्म स्कूलच्या ॲडमिशनला तर नाहीच नाही.

माझी ताई, ज्ञानेश्वरी, शहरातल्या छावणी भागातल्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. रुसलेली आत्या नेमकी कुठं कापायची, ते तिला बरोबर कळतं. बी.ए. झाल्यावर तिला एडिटिंगचंच पुढं शिकायचं होतं. मुंबईच्या एका खासगी संस्थेनं तिला घेतलंही. पण तिथली फी भरायची तर आमचा प्लॉट विकावा लागणार. दुष्काळात वैजापूरकडची सगळी मेंढरं विकून आप्पांनी तो घेतलेला. तेव्हा तिथं नुसत्या बाभळी होत्या. आता चार मजली बिल्डिंगा आहेत आणि त्यांच्या दारात पाण्याचे टँकर. दुसरी संस्था सरकारी. फी कमी, पण जागा मोजक्या आणि मुलाखत अजून व्हायची. मी मनातल्या मनात केव्हाच मुंबई ठरवून टाकली होती.

त्या मुंबईवाल्यांचे एक टायवाले सर पालकांना भेटायला जालना रोडवरच्या हॉटेलात आले होते. ताई आणि मी आप्पांना घेऊन तिथं गेलो. आप्पांनी आधी विचारलं, मागच्या वर्षीची पोरं कुठं कामाला लागली. इथवर ठीक. मग सरांनी फी सांगितली आणि आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून सरांच्या हातावर टाकला, अन् खालून त्यांची बोटं धरली.

मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कपड्याखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. पण हे सरांना कोण सांगणार? त्यांनी दचकून हात ओढून घेतला. संपलं. हात काढला की सौदा मोडला. आप्पा उठले, रामराम घातला आणि चालते झाले. मी मागून पळत सांगतेय, त्यांना कळलंच नाही हो, परत चला. तर म्हणे, मोडल्या सौद्याला परत जात नसतात. काय बोलावं या माणसाला?

आप्पा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. मला वाटलं, आता ताई रडणार. ती आप्पांशेजारी बसली, टॉवेल ओढून घेतला आणि त्याखाली आपला हात घातला.

"पैशाचं नाय," ती म्हणाली. "वर्षांचं बोलू."

दोघं एकमेकांकडं न बघता रस्त्याकडं तोंड करून बसले. आप्पांनी दोनदा नकारार्थी मान हलवली. ताईनं हात काढला नाही. हॉटेलचा वॉचमन टक लावून बघत होता आणि मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. शेवटी आप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"दोन वर्षं," ताई मला म्हणाली. "प्लॉट विकायचा नाय. मी सरकारी संस्थेची मुलाखत देणार, नाय जमलं तर पुढच्या वर्षी परत. तवर घरात कुणी स्थळाचं नाव काढायचं नाय."

"म्या एकच म्हनत व्हतो," आप्पा म्हणाले. "लई चिवट हाय ही."

मी म्हटलं, अहो, पण दोन्ही वर्षी नंबर नाही लागला तर?

त्यावर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही झाल्या सौद्यात मीच मोडता घालतेय.