शटरकडे तोंड

माझं लग्न खरं तर पुढच्या महिन्यात होतं. ते एकदम सहा दिवसांवर आलं, कारण माझ्या होणाऱ्या बायकोच्या बाबांच्या डोळ्यांमागे गाठ निघाली. ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर म्हणाले, जिवाची काळजी नको, पण नंतर दिसेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

बाबा टेलर. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "पोरीचं लग्न बघतो आणि मग आत जातो."

म्हणजे रविवार. विषय संपला.

मी सोफे-खुर्च्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे. बघून बघून शिकलो, हात धरून कुणी शिकवलं नाही. सहा दिवसांत हॉल कुठून आणणार? एक रिकामा होता. त्याचं भाडं ऐकून माझी ताई म्हणाली, "एवढ्यात तुझी दोन लग्नं होतील."

"एकच करू या," होणारी बायको म्हणाली.

उस्ताद म्हणजे आमचे मालक. माझ्याशी ते फक्त ओरडूनच बोलतात. तसेच ओरडले, "एवढं वर्कशॉप काय शोभेला ठेवलंय? इथंच उरक!"

आणि खुर्च्या? खुर्च्या तर होत्याच! एका सिनेमा थिएटरच्या साठ खुर्च्या नवं कापड चढवायला आलेल्या. थिएटरवाल्याला फोन केला. तो हसत म्हणाला, "बसा की. फक्त चहा सांडू नका."

ताईनं चहा आणि केकचं अंगावर घेतलं. लग्न लावणारे अधिकारी रविवारी तासभर यायला तयार झाले. जॅकेट दाजींचं, त्यात माझ्यासारखे दोन मावतील असं. ते मीच वर्कशॉपच्या मशीनवर आत घेतलं. दोरा सोफ्याचा, कारण मशीनला तोच होता.

मागच्या भिंतीला आम्ही पांढरं कापड लावलं, वर लाइटच्या माळा सोडल्या. त्याच्यापुढे सहीचं टेबल. उस्ताद दहा वेळा मागे जाऊन बघून आले. "भारी दिसतंय," असं ओरडले.

शनिवारी दुपारी उस्ताद धरून आम्ही वर्कशॉपच्या चौघांनी खुर्च्या बसवल्या. या खुर्च्या सुट्या उभ्या राहत नाहीत, दहा-दहा एका लांब फळीवर बोल्टनं आवळायच्या. फळी जवळजवळ वर्कशॉपच्या रुंदीएवढी. सहा रांगा. हात नुसते चालत होते.

रविवारी सकाळी ताई आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लग्न रस्त्यात आहे का?"

साठच्या साठ खुर्च्यांची तोंडं शटरकडे. भिंतीकडे सगळ्यांची पाठ.

तयार माल आम्ही नेहमी शटरकडेच तोंड करून लावतो. उस्ताद दारात उभे राहून दिवसाच्या उजेडात कापडाच्या सुरकुत्या बघतात. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की उद्या इथे सुरकुत्या नाहीत, लग्न आहे.

"गाढवांनो!" उस्ताद. मग, "मीपण होतो म्हणा."

फळ्या आत फिरेनात, बोल्ट सोडायला दोन तास. अधिकारी येऊन घड्याळ बघत होते. पाहुणे बसून माना मागे वळवत होते.

तेवढ्यात नवरी बाबांना धरून घेऊन आली. बाबांनी त्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाले. मग हळूच, "काय आहे तिथे? मला नुसते ठिपके दिसतायत."

लख्ख उजेड असला तरच त्यांना दिसतं. हे मला माहीत होतं. सहा दिवस मी सगळं याच माणसासाठी करत होतो आणि टेबल लावलं होतं सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टेबल इकडे आण. शटरपाशी."

आणलं. उस्तादांनी शटर पार वर ढकललं. ऊन थेट टेबलावर. बाबा पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर, आमच्यापासून दोन हातांवर. रस्त्यावरची माणसंही थांबली. सह्या झाल्या. टाळ्या सगळ्यात जोरात उस्तादांच्या.

बाबा पुढे वाकून माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता रडतात.

"जावईबापू," ते म्हणाले, "डाव्या खांद्याची शिवण वर पळालीय. आणि हा दोरा कसला? सोफ्याचा?"

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. "बाबा, दिसतंय तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? सुतळीएवढा तर आहे."

आज सोमवार. बाबा दोन तास झाले आत आहेत. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीय, त्याच डाव्या. मी एका हातानं टाइप करतोय. उस्ताद डबा घेऊन आलेत, आणि पहिल्यांदाच हळू बोलतायत, म्हणून जास्त भीती वाटतेय.

जॅकेट मी सोबत आणलंय. बाबांनीच सांगितलं होतं. आत जाताना म्हणाले, "तू परत मशीनवर घालू नकोस. बाहेर आलो की मी उसवतो."

मी म्हटलं, "घाई नाही बाबा. आधी डोळे."

"उसवायला डोळे कशाला लागतात? बोटं आहेत की. बघायचं होतं ते काल बघितलं."