गाळलेलं वाक्य

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि रूर खोऱ्यातल्या त्या जर्मन गावावर अंमल इंग्रजांचा होता. गावचा पोलाद कारखाना मोडून टाकायचा हुकूम आला, तेव्हा लोकांचं म्हणणं ऐकायला म्हणून जाहीर सभा ठेवली. ट्रूडे वीचोरेक मेजर हॅडलीच्या डाव्या हाताला उभी होती. ती इंग्रजांच्या कचेरीत दुभाषी होती. गावात तिला ‘साहेबाची मैना’ म्हणत.

मेजर म्हणाला, “तोफा ह्याच भट्ट्यांतून निघाल्या. शांतता हवी असेल तर भट्ट्या गेल्या पाहिजेत.”

तिने ते जर्मनमध्ये सांगितलं. युनियनचा ओस्टरकाम्प ताडकन उठला. “तेवीसशे घरांच्या चुली विझतील! उपाशी माणसाकडे कसली शांतता मागता?”

टाळ्या पडल्या. एक विधवा किंचाळली, “माझी दोन्ही पोरं गिळली त्या तोफांनी. मोडा मेली ती भट्टी!”

“बसवा रे हिला खाली!”

एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. तिचे वडील, बेर्नहार्ड. एकतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस.

“माझ्या भट्टीला जो पहिला हात लावील ना, त्याला त्याच भट्टीत घालीन! मग तो आपला असो नाहीतर इंग्रज!”

शेजारच्या गावात यापेक्षा कमी बोललेल्या एकाला महिन्यापूर्वी उचलून नेलं होतं. तो अजून परतला नव्हता. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं.

“तो म्हणतो,” ती इंग्रजीत पुटपुटली, “हे काम करणाऱ्याला त्याचं मन खाईल.”

मेजरने वहीत काहीतरी टिपलं.

सभा उठल्यावर बॅग बंद करता करता तो स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, “सोमवारी भट्टी मोडायला सुरुवात होईल. त्या म्हाताऱ्याला कारखान्याच्या फाटकापाशी येऊ देऊ नका, बाई.”

म्हणजे याला सगळं कळत होतं. दोन वर्षं तिने जे जे मऊ करून सांगितलं, ते सगळं. म्हातारा तिचा कोण, हेही कळलं असेल का? विचारायची तिची छाती झाली नाही.

घरी वडील उकडलेले बटाटे सोलत बसले होते. “मी एवढं लांबलचक बोललो, आणि तुझं इंग्रजी चार शब्दांत आटपलं?”

“तुम्हाला पकडून नेलं असतं, बाबा!”

“नेऊ दे की. तोंड माझं. त्याला कुलूप घालणारी तू कोण?”

“सोमवारी जाऊ नका. पाया पडते तुमच्या.”

त्यांनी बटाटा मिठात बुडवला. “आता तर जाणारच.”

सोमवारी फाटकासमोर तीनएकशे कामगार वाट अडवून जमिनीवर बसले. पलीकडे बंदुका घेतलेले शिपाई उभे होते. मेजरने ट्रूडेच्या हातात कर्णा दिला. दहा मिनिटांत उठला नाहीत तर बळाने उठवू, एवढंच सांगायचं होतं. पहिल्या रांगेत वडील बसलेले तिला दिसले. तिने कर्णा तोंडाला लावला. या वेळी तिने एक शब्दही बदलला नाही.

“मैना बोलली रे!” कोणीतरी ओरडलं. एक दगड तिच्या कानाजवळून गेला आणि शिपायांनी बंदुका सरसावल्या.

बेर्नहार्ड शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. इंग्रजांकडे पाठ करून आपल्याच माणसांवर गरजले, “दगड कोणी मारला? घरी चला! लोखंडापायी पोरी मारणार का?”

शिव्या देत, पण माणसं उठली.

बेर्नहार्डना कोणी पकडलं नाही. भट्टी मात्र हिवाळ्यापर्यंत पाडून झाली. तोवर ट्रूडेच्या दारावर दोनदा डांबर फासलं गेलं. वडील त्या सभेबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. पण रोज सकाळी टोपी घालून ते तिला कचेरीपर्यंत सोडायला जात, तिच्यापुढे अर्धं पाऊल.